हे कुठून घेतलं?

(छात्राध्यापकांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, ‘शिक्षणातलं तंत्रज्ञान आणि माध्यम साक्षरता’. ओळख करून देताना ते म्हणाले की मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे या विषयातला जाणकार. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसरं तुम्ही माझं बोलणं झाल्यावर ठरवा. मी पुण्यातल्या एका कंपनीत बारा वर्षं प्रोग्रॅम लिहितोय. वर्गात उभं राहून एक तासही शिकवलेलं नाही. या विषयातलं जे काही मला कळलं, ते माझ्या धाकट्या बहिणीच्या एका फसलेल्या पाठामुळे. तीही तुमच्यासारखी छात्राध्यापिका होती, सोलापुरात बी.एड. करत होती. पाठ तिचा होता, फसवला मी. तिच्या परवानगीने सांगतोय. तिची अट एवढीच की तिचं नाव घ्यायचं नाही आणि माझी चूक तिच्या अंगावर ढकलायची नाही.

गोष्ट जानेवारी २०२५ ची. तिची आंतरवासिता सुरू होती. मराठी माध्यमाची शाळा, आठवीचा वर्ग, सगळ्या जातीधर्मांची मुलं. ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली. त्यानंतर मार्गदर्शक बाई तिला म्हणाल्या, ‘९ तारखेला फातिमा शेख यांच्यावर तू वीस-पंचवीस मिनिटं घे.’ तिला किती आनंद झाला हे तुमच्यातल्या काहींना वेगळं सांगायला नको. शाळेच्या फळ्यावर आपल्या घरात शोभेल असं नाव लिहिलं जाणार, आणि तेही एका शिक्षिकेचं. तिने मला फोन केला, ‘भाई, पीपीटी बना के देते क्या?’

मी एका रात्रीत बावीस स्लाइड केल्या. जन्म ९ जानेवारी १८३१. भाऊ उस्मान शेख. कुठे शिकल्या, कुणाकडे प्रशिक्षण घेतलं, कुठल्या शाळेत किती मुलींना शिकवलं, कुणी दगड मारले, कुणी शेण फेकलं. सगळं होतं. तारखेबद्दल तर मला शंकाच नव्हती, कारण २०२२ साली ९ जानेवारीला गूगलने त्यांच्यावर डूडल केलं होतं. गूगलने केलं म्हणजे कुणीतरी तपासलंच असेल! फोटोची मात्र अडचण होती. एक जुना समूह-फोटो सगळीकडे फिरतो, पण तो इतका धूसर आहे की प्रोजेक्टरवर काहीच दिसलं नसतं. मग मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एक चित्र करून घेतलं. डोक्यावर पदर, हातात पुस्तक, खिडकीतून येणारा उजेड. चित्र इतकं छान झालं की अम्मीने ते फॅमिली ग्रुपचा डीपी म्हणून लावलं.

पाठ रंगला. मुलं शांत बसली होती. शेवटी एका मुलाने हात वर केला. ‘बाई, तेव्हाचा फोटो इतका स्वच्छ कसा?’ बहिणीने खरं ते सांगितलं, की हे कॉम्प्युटरने केलेलं चित्र आहे. ‘म्हणजे त्या अशा दिसत नव्हत्या?’ ती म्हणाली, कशा दिसत होत्या ते नक्की माहीत नाही. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मग तारीख पण कॉम्प्युटरनेच केली का?’

वर्ग हसला. मार्गदर्शक बाई हसल्या नाहीत. त्यांनी निरीक्षण वहीत लिहिलं, ‘माहितीचा स्रोत?’ एवढंच.

आणि त्याच दिवशी, ९ जानेवारीलाच, दिल्लीच्या एका नावाजलेल्या पत्रकार-लेखकाने एक्सवर जाहीर केलं की फातिमा शेख नावाची कुणी व्यक्ती झालीच नाही, हे पात्र आपणच रचलं होतं. तुम्हाला ते प्रकरण आठवत असेल. संध्याकाळपर्यंत बातम्या झाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत आणखी एका मुलाने तिला विचारलं, ‘बाई, काल तुम्ही शिकवलं ते खोटं होतं का?’ यात खोडसाळपणा नव्हता, त्याच्या घरी तशी चर्चा झाली होती.

आमच्या फॅमिली ग्रुपवर आग लागलेली. मामू, खालाजान, दुबईतला चुलत भाऊ, सगळे त्या लेखकावर तुटून पडलेले. आमचा इतिहास पुसायला निघालेत वगैरे. मीही एक लांबलचक जळजळीत मजकूर लिहिला, त्याला लोकांनी हात जोडलेले आणि मूठ आवळलेली चिन्हं दिली, आणि मला बरं वाटलं. बहिणीने त्या ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. रात्री तिचा फोन आला. ‘भाई, वो बावीस स्लाइड का तुम कां से लाए?’

‘गूगलवरून.’

‘गूगल कां से लाया?’

मी बारा वर्षं या धंद्यात आहे आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी सुट्टी होती. सकाळपासून बसलो. फातिमा शेख यांच्याबद्दलची पानं एकेक करून उघडली, दुपारपर्यंत चाळीसेक खिडक्या उघड्या होत्या. आमच्या धंद्यात एक ओळखीचा प्रकार आहे. एकाने लिहिलेला कोड दुसरा उचलतो, त्याचा तिसरा, आणि सोबत मूळच्या चुकाही जातात. मग चार ठिकाणी तीच चूक दिसली की समजायचं, चौघांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं नाही, एकाचंच चौघांकडे गेलंय. या पानांचं अगदी तसंच होतं. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, काही ठिकाणी शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. तारखेच्या खाली आधार म्हणून एक दुवा, तो उघडला की दुसरा लेख, त्याच्या खाली तिसऱ्याचा दुवा, आणि तिसऱ्याने आधार दिलाय पहिल्याचा. चाळीस साक्षीदार दिसत होते, पण ते सगळे एकमेकांचं ऐकून बोलत होते.

मग चॅटबॉटला विचारलं. त्याने तारीख क्षणात दिली, मुळीच न अडखळता. इथे दोन मिनिटं थांबतो, कारण तुमचे विद्यार्थी गृहपाठ यालाच विचारणार आहेत, किंबहुना विचारतातच. हे यंत्र कपाट उघडून कागद काढून दाखवत नाही. त्याने प्रचंड मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून, या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, असं करत ते वाक्य रचतं. जी गोष्ट जालावर हजार वेळा लिहिली गेली आहे, ती त्याच्या तोंडी सहज येते. ती खरी आहे म्हणून येते असं नाही, पुन्हा पुन्हा लिहिली गेली म्हणून येते. आता काही यंत्रं जालावर शोधूनही उत्तर देतात. पण शोधून त्यांना सापडतात ती हीच चाळीस पानं. आमची खालाजान आणि हे यंत्र यांच्यात या बाबतीत फारसा फरक नाही. दोघांनाही वाटतं, इतके जण सांगतात म्हणजे असणारच.

माझ्या बहिणीने वेगळंच केलं. तिने लॅपटॉप उघडला नाही, रिक्षा केली आणि वाचनालयात गेली. तिथल्या काकांनी तिला एक जाड पुस्तक काढून दिलं, ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’. संपादक मा. गो. माळी, प्रकाशक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, साल १९८८. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. पहिलं आहे १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या होत्या, तिथून लिहिलेलं. त्या पत्रात एक उल्लेख आहे. आपण इकडे असल्यामुळे तिकडे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचा.

तिने ते पान वाचनालयाच्या जिन्यात उभं राहून मला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा. मी हिंजवडीतल्या माझ्या खोलीत चाळीस उघड्या खिडक्यांसमोर बसलो होतो, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही बाई खरोखर होती. माझ्या त्या सुंदर चित्रामुळे तसं वाटलं नव्हतं. आजारी मैत्रिणीच्या वाट्याचंही काम ओढणारी, त्याबद्दल तोंडातून शब्द न काढणारी एक बाई. बस, एवढीच. पण ती आहे.

आता यातून काय निघतं ते नीट बघा, कारण माझी बहीण पुढचा आठवडा यावरच विचार करत होती. एक, १९८८ साली छापलेल्या पुस्तकात जी आहे, ती आजच्या काळातल्या कुणी समाजमाध्यमावर बसून रचलेली असू शकत नाही. तो दावा तिथेच संपतो. दोन, त्या पत्रात ‘शेख’ हे आडनाव नाही. जन्मतारीख नाही. दगड नाहीत, शेण नाही, विद्यार्थिनींची संख्या नाही. माझ्या बावीस स्लाइडपैकी त्या पानावर टिकेल असा मजकूर एका स्लाइडमध्ये मावत होता. बाकीचं सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला घरात आसरा दिला, हे चरित्रांमधून सांगितलं जातं, लोकांच्या बोलण्यात आहे, आणि ते तसंच सांगावं, ‘असं सांगतात’ म्हणून. पण मी ते वर्गात ‘असं आहे’ म्हणून पाठवलं होतं.

आणि मला जे लागलं ते हे. त्या लेखकाने एका फटक्यात आमची फातिमा नाकारली आणि लोकांनी ते लगेच मान्य केलं, त्याला आमचाही हातभार होता. आम्ही तिच्याभोवती इतकी सजावट केली होती की त्यातला एक खिळा निघाला तर सगळंच पडेल. ‘तारखेला आधार नाही ना, मग बाईच नाही!’ असं म्हणायला जागा कुणी करून दिली? ज्या दिवशी शाळेतल्या पोराने तारखेबद्दल विचारलं, त्या दिवशी आमच्याकडे ते पत्र असतं, तर दुसऱ्या दिवशीचा प्रश्न आलाच नसता. किंवा आला असता, तर उत्तर असतं.

बहिणीने मार्गदर्शक बाईंकडे आणखी एक तास मागून घेतला. मी विचारलं, पीपीटी बदलून देऊ का? ती म्हणाली, ‘नक्को.’ आमच्या सोलापुरात या शब्दाला दोन क असतात आणि त्यानंतर चर्चा होत नाही.

तिने फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात ‘कागद आहे’, दुसऱ्यात ‘असं सांगतात’, तिसऱ्यात ‘आम्ही घातलं’. मुलांना आधीचा पाठ आठवून एकेक गोष्ट योग्य रकान्यात टाकायला सांगितली. पत्रातली फातिमा पहिल्यात गेली. उस्मानभाईंचं घर दुसऱ्यात. तारखेवरून वाद झाला, अर्धी मुलं म्हणाली दुसऱ्यात, अर्धी म्हणाली तिसऱ्यात. तिने तो सोडवला नाही. चित्र तिसऱ्यात गेलं, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाने ते स्वतः उठून खडूने लिहिलं. मग एका मुलीने विचारलं, ‘बाई, फातिमांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही का?’ बहिणीने तिला मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुल्यांच्याच शाळेतली मातंग समाजातली मुलगी, जिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो छापला गेला म्हणून आज मुक्ता कुणाला नाकारता येत नाही. फातिमांचं मात्र आपल्याकडे सावित्रीबाईंच्या पत्रातलं एक नाव उरलंय. ती मुलगी म्हणाली, ‘मग आपण लिहून ठेवायला पाहिजे.’ बहिणीच्या पाठ टाचणात हे उद्दिष्ट नव्हतं.

तासाच्या दुसऱ्या भागात तिने साखळीचा खेळ घेतला. हा तुम्ही कुठल्याही शाळेत घेऊ शकता, वीज नसली तरी. घरच्या फोनवर आलेला एखादा संदेश मुलाने निवडायचा आणि वहीत उलटं लिहीत जायचं. मला कुणी सांगितलं, पप्पांनी. पप्पांना कुठून आलं, सोसायटीच्या ग्रुपवरून. तिथे कुणी टाकलं, अमुक काकांनी. काकांना? इथे बहुतेकांची साखळी तुटली. आपल्यातल्या ज्यांनी मदरशात किंवा घरी थोडं शिक्षण घेतलंय, त्यांना इस्नाद हा शब्द माहीत असेल. हदीस सांगताना कुणी कुणाकडून ऐकलं त्यांची नावं क्रमाने सांगायची, आणि त्या प्रत्येक माणसाची स्मरणशक्ती, चारित्र्य, तो त्याच्या आधीच्याला भेटला होता की नाही, हे तपासायचं. त्यासाठी आपल्या पूर्वजांनी आख्खं शास्त्र उभं केलं. आणि आपण ‘फॉरवर्डेड’ एवढ्या एका शब्दावर भागवतो. हा शब्द फक्त सांगतो की संदेश कुठूनतरी आलाय. मधली सगळी नावं पुसलेली असतात. हे तांत्रिक अडचणीमुळे होतं असं समजू नका, ते तसं बनवलेलं आहे. बनवणारे आमच्यासारखेच लोक.

या खेळासाठी नमुना हवा म्हणून बहिणीने अम्मीच्या फोनमध्ये जुने संदेश चाळले. अम्मी काहीच डिलीट करत नाही. तिथे तिला २०१८ चा एक व्हिडिओ सापडला. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि एका लहान मुलाला उचलून नेतात. खाली लिहिलेलं, मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, सगळ्यांना पाठवा. पाठवणारा मी.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. तो कराचीतला होता. मुलं हरवण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेने जनजागृतीसाठी केलेली छोटी फिल्म. मूळ फिल्मच्या शेवटी ते मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचा. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेलं भारतभर फिरवलं.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. पोट भरायला गावोगाव फिरणारी भिक्षेकरी माणसं. त्यांतले बहुतेक आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. त्याच दिवशी मालेगावातही हेच होऊ घातलं होतं. भिक्षा मागत फिरणारं एक कुटुंब, सोबत लहान मूल, आणि त्यांच्याभोवती मोठा जमाव. तिथल्या काही मुस्लिम रहिवाशांनी त्यांना घरात घेऊन दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत जमाव अडवून धरला, म्हणून ती माणसं जगली. मालेगावचं हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण दाराबाहेर जमलेली पोरंही आपल्याच वस्तीतली होती. त्यांच्या खिशातही तोच व्हिडिओ होता.

माझा संदेश कुठवर गेला मला माहीत नाही. अम्मीने तो तिच्या बचत गटाच्या बायकांना पाठवला होता, एवढं दिसतं. पुढचं नाही दिसत. नावं पुसलेली असतात, सांगितलं ना. बहिणीने मला फोन करून फक्त तारीख वाचून दाखवली आणि विचारलं, ‘ये वर्ग में दिखाऊं क्या?’ मी हो म्हणालो. हो म्हणायला मला रात्र लागली.

आता मी तुमच्याशी थोडं खडखडीत बोलतो. आपल्याविरुद्ध जे पसरवलं जातं, ते आपल्याला लगेच ओळखता येतं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तबलीगच्या निमित्ताने काय काय फिरलं, फळवाल्यांचे कसले व्हिडिओ आले, आपल्याला पाठ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांतल्या त्या प्रचारावर ताशेरे ओढले, तेही आपण सगळ्यांना पाठवलं. आपण सोसलंय, म्हणून या बाबतीत आपले कान तिखट झालेत. पण माझ्या घरातून बाहेर गेलेल्या दोन चुकीच्या गोष्टींपैकी एकही आपल्याविरुद्ध नव्हती. एक भीतीची होती, एक अभिमानाची. भीतीच्या वेळी मला वाटलं, खरं असलं तर? अभिमानाच्या वेळी तर शंकाही आली नाही.

मग वर्गात काय करायचं? तुम्ही शिक्षक होणार आहात म्हणून दोन अभ्यास सांगतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये संशोधकांनी मोठ्या माणसांना घरी जाऊन, साधारण तासभर, खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं. एकंदरीत काही फरक पडला नाही. पुढे त्याच राज्यात ५८३ गावांमध्ये १३,५०० हून जास्त शाळकरी मुलामुलींवर प्रयोग झाला. या वेळी एक तास नाही, काही आठवडे, पुन्हा पुन्हा, वर्गात बसवून. मुलं खरं-खोटं ओळखण्यात सुधारली, काही महिन्यांनी तपासलं तेव्हाही ते टिकलेलं होतं, आणि घरी आईवडिलांवरही परिणाम दिसला. म्हणजे एका तासाच्या भाषणाने काही होत नाही. हे मी एका तासाच्या भाषणात सांगतोय, याची मला कल्पना आहे.

दुसरं, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इतिहासाचे प्राध्यापक, पदवीचे विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे व्यावसायिक यांना काही संकेतस्थळं दाखवून विचारलं, विश्वास ठेवाल का? विद्वान प्राध्यापक ते पान बारकाईने वाचत बसले, मांडणी बघत बसले, आणि त्यांच्यातले अनेक फसले. तपासनीस मात्र पान अर्धवट सोडून बाजूला दुसऱ्या खिडक्या उघडायचे. हे लोक कोण, यांच्याबद्दल इतर काय म्हणतात? आपण मुलांना आयुष्यभर सांगतो, लक्ष देऊन वाच. इथे लक्ष देऊन वाचणाराच फसतो. पण माझ्या चाळीस खिडक्यांची गोष्टही लक्षात असू द्या. बाजूच्या सगळ्या खिडक्यांत एकच धूळ असेल तर खाली उतरावं लागतं, जिन्याने, वाचनालयापर्यंत.

तंत्रज्ञानाचं मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींचे क्यूआर कोड जगभर गाजले, आता पाठ्यपुस्तकांत कोड आहेत, दीक्षा ॲप आहे. चांगलंच आहे. पण कोड मुलाला तिथेच नेतो जिथे शिक्षकाने आधी जाऊन पाहिलेलं असतं. तिथून बोट सरकवून ते मूल जिथे जातं, तिथे कुणी गेलेलं नसतं. शाळेत स्मार्ट बोर्ड आला की आपण तंत्रज्ञान आलं म्हणतो. माझ्या बहिणीच्या त्या तासात तंत्रज्ञानाबद्दल जेवढं शिकवलं गेलं, ते सगळं खडूने.

आणि हे ‘माध्यम साक्षरता’ नावाचा वेगळा तास मिळेल तेव्हा करू म्हणून थांबू नका. इतिहासात करा, विज्ञानात करा, गणितात सरासरी शिकवताना करा. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्यांनी तर नक्की करा, कारण खोटं ठरवलेल्या बातम्यांची तपासणी उर्दूत फार कमी मिळते. मुलांना ती तयार मिळणार नाही, स्वतः करावी लागेल.

बहिणीला त्या तासाला किती गुण मिळाले, असं एकाने मला मघाशी विचारलं. पहिल्या, पीपीटीवाल्या पाठाला जास्त मिळाले होते. दुसऱ्याला कमी. ‘वेळेचं नियोजन नाही’ असा शेरा आहे, आणि तो बरोबर आहे, तारखेचा वाद घंटेनंतरही चालू होता. आता ती नोकरी शोधतेय. अम्मीने ग्रुपचा डीपी बदललेला नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. ‘तुझं चित्र असेल खोटं,’ ती म्हणते, ‘मला चेहरा आवडलाय.’ मी खाली एक ओळ टाकून घेतलीय, ‘काल्पनिक चित्र’. फार बारीक अक्षरात आहे, पण आहे.

त्या समग्र वाङ्मयाची स्कॅन केलेली पीडीएफ माझ्या फोनमध्ये आहे. तिच्यात शब्द शोधता येत नाही, पानं चित्रासारखी आहेत, म्हणून शोधयंत्रालाही ती सहज सापडत नाही. चहाच्या वेळी ज्याला हवी त्याने घ्या. पान क्रमांक मी सांगणार नाही. आता प्रश्न असतील तर विचारा. मी काही ठाम बोललो असेन, तर आधी विचारा की कुठून घेतलं.